पडद्यापलीकडच्या शांततेविषयी

प्रिय सहकारी,

अनेक आशीर्वाद.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जर्मनीतील ग्राहकासमोर पंपाच्या कास्टिंगचे, म्हणजे साच्यात धातू ओतून बनवलेल्या भागाचे, ऑनलाइन सादरीकरण तुला एकटीने करायचे आहे, हे तुझ्या पत्रातून कळले आणि मनापासून आनंद झाला. विषय पक्का ठाऊक असूनही कॅमेरे बंद असलेल्या काळ्या चौकटींकडे पाहून बोलताना घसा कोरडा पडतो, असे तू लिहिले आहेस. कोल्हापूरजवळच्या शिरोलीत एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मार्केटिंगचे काम करताना मलाही हेच सर्वांत जड गेले होते, म्हणून मुख्यतः त्याविषयीच लिहितो.

समोरासमोर बसलेला ग्राहक तोंडाने काही बोलला नाही, तरी त्याची मान हलते, त्याचे बोट ड्रॉइंगवरच्या एखाद्या मापावर थांबते, तो शेजाऱ्याकडे पाहतो, आणि या खुणांच्या आधारावर आपण नकळत आपले बोलणे कमीजास्त करत असतो. ऑनलाइन बैठकीत या खुणा जवळजवळ नाहीशा होतात आणि त्यात विलंबाची भर पडते. दहा भाषांतील संभाषणांचा एक अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात प्रश्न संपून उत्तर सुरू होईपर्यंतचे अंतर सरासरी सुमारे 200 मिलिसेकंद आढळले. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीनुसार आवाज एका दिशेने पोहोचायला 150 मिलिसेकंदांपर्यंतचा वेळ लागला, तरी संभाषण सहसा सुरळीत चालते. पण जाण्यायेण्याचा मिळून तो 300 होतो, आणि 200 ची सवय असलेल्या आपल्या कानाला उत्तरासाठी अर्धा सेकंद वाट पाहावी लागते. त्यातच समोरचा माणूस म्यूटचे बटण शोधत असेल, तर दोन-तीन सेकंद सहज जातात. हे सेकंद आपल्याला नकारासारखे ऐकू येतात. मनात भीती उभी राहते ती इथेच, आणि तिचे कारण बहुतेक वेळा ग्राहकाच्या मनात नसून तारेत असते.

2020 च्या टाळेबंदीत मी एका परदेशी खरेदीदाराला असेच सादरीकरण देत होतो. दर सांगितल्यावर पलीकडून काहीच आवाज आला नाही. ती शांतता मला सहन झाली नाही, आणि कुणी मागितलेले नसताना मीच दर दोन टक्क्यांनी खाली आणला. नंतर बोलण्यातून कळले की ते गृहस्थ त्या वेळी आमच्या ड्रॉइंगमधील भिंतीची जाडी तपासत होते आणि पहिला दर त्यांना मान्यच होता. वर्षभराच्या ऑर्डरवर ते दोन टक्के गेले. त्या दिवसापासून मी एक सवय लावून घेतली, तीच तुला सुचवतो: महत्त्वाचा आकडा सांगितल्यावर किंवा प्रश्न विचारल्यावर मनातल्या मनात पाचपर्यंत सावकाश मोजायचे आणि तोवर ओठ उघडायचे नाहीत. सुरुवातीला हे पाच आकडे फार लांब वाटतील, तरी मोजायचे.

मात्र शांतता सहन करणे वेगळे आणि ती आपणच ओढवून घेणे वेगळे. ‘काही शंका आहेत का?’ असे सर्वांना मिळून विचारले की उत्तराची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. त्याऐवजी बैठकीला कोण येणार आहे हे आधी विचारून घे आणि प्रश्न नाव घेऊन, उत्तर देता येईल असाच विचार. गुणवत्ता विभागाच्या माणसाला तपासणी अहवालाचा नमुना त्यांच्या पद्धतीत बसतो का हे विचार, खरेदी विभागाच्या माणसाला पहिल्या खेपेची संख्या विचार. दर सात-आठ मिनिटांनी असा एक थांबा आधीच ठरवून ठेव. इंग्रजी ही त्यांचीही मातृभाषा नाही आणि तुझीही नाही, त्यामुळे वाक्ये लहान आणि वेग थोडा कमी ठेवलास, तर दोघांचीही सोय होईल.

पहिल्या मिनिटातच आज त्यांच्याकडून कोणता निर्णय हवा आहे ते सांग, उदाहरणार्थ नमुन्याच्या पन्नास नगांना मंजुरी. कंपनीचा इतिहास आणि कारखान्याचे फोटो आदल्या दिवशी पीडीएफमध्ये पाठवून दे, बैठकीचा वेळ त्यात घालवू नकोस. आणि माझा ठाम आग्रह आहे की एक मशीनिंग झालेले खरे कास्टिंग आणि एक मधोमध कापलेले कास्टिंग टेबलावर ठेव. आत ब्लोहोल, म्हणजे ओतताना वायू अडकून राहिलेली पोकळी, नाही हे वीस स्लाइडनी सांगण्यापेक्षा तो कापलेला भाग कॅमेऱ्यासमोर धरून सावकाश फिरवणे अधिक पटते, आणि हातात ओळखीचा जड तुकडा आला की आपलाही आवाज स्थिर होतो, हा माझा अनेकदा घेतलेला अनुभव आहे.

बाकीची तयारी तुला ठाऊकच असेल. लॅपटॉप पुस्तकांवर ठेवून कॅमेरा डोळ्यांच्या रेषेत आण, उजेड समोरून घे, इंटरनेट वायफायऐवजी तारेने जोड, राउटर इन्व्हर्टरवर आहे याची खात्री कर आणि पूर्ण स्क्रीन न दाखवता फक्त सादरीकरणाची खिडकीच दाखव. स्वतःचे चित्र स्वतःला दिसणार नाही अशी सोय असते, ती वापर. बोलताना आपलाच चेहरा तपासत राहणे फार थकवणारे असते. शक्य झाल्यास एखाद्या सहकाऱ्याला त्याच बैठकीत बसव, म्हणजे तुझी जोडणी तुटली तरी तो दोन मिनिटे सांभाळून घेईल.

वेळेची एक गोष्ट मात्र विसरू नकोस. मार्चच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतील घड्याळे एक तास पुढे जातात, त्यामुळे आपल्यातील साडेचार तासांचे अंतर साडेतीन तासांवर येते. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे तुझे दुपारचे दीड, अडीच नव्हे.

येत्या रविवारी संध्याकाळी सात वाजता मला बैठकीची लिंक पाठव आणि पूर्ण सादरीकरण कर. मी कॅमेरा बंद ठेवीन, आणि तू दर सांगितल्यावर बराच वेळ काहीही बोलणार नाही.

तुझा,
एक जुना सहकारी