तीन बनियन आणि सुयांचा प्रश्न

प्रश्न: डॉक्टर, आम्ही फोंड्याचे. आमच्या ह्यांना (वय 69) प्रोस्टेटचा कॅन्सर, दर तीन महिन्यांनी हॉर्मोनचं इंजेक्शन असतं. रिपोर्ट बरे आहेत पण दुसऱ्या इंजेक्शनापासून अंगातून नुसत्या वाफा, रात्रीत तीन-तीन बनियन बदलतात आणि वर चिडतात, म्हणे बायकांचं दुखणं मला कसं लागलं! भाचा म्हणतो अ‍ॅक्युपंक्चर करा. सुया टोचून खरंच फरक पडतो का?

उत्तर: ताई, दुखणं तेच आहे हो, ह्यांना खुशाल सांगा. पाळी जाताना इस्ट्रोजेन उतरतं, इथे इंजेक्शन टेस्टोस्टेरॉन मुद्दाम उतरवतं, कारण कॅन्सर त्याच्यावरच पोसतो, आणि मग मेंदूतला उष्णता सांभाळणारा भाग एवढ्या-तेवढ्याला गोंधळतो आणि घाम फोडतो. हे इंजेक्शन घेणाऱ्या दहातल्या सात-आठ पुरुषांना होतं, फक्त लाजेने कोण बोलत नाही.

आता सुया. स्वीडनमध्ये 31 पुरुषांवर 12 आठवडे करून बघितलं, 2009 साली छापून आलं, वाफा बऱ्याच कमी झाल्या. पण त्यात खोट्या सुयांचा गट नव्हता, म्हणजे सुयांचा गुण किती आणि कोणीतरी आपल्याकडे लक्ष देतंय ह्याचा किती, ते वेगळं काढता येत नाही. माझं मत विचाराल तर करून बघायला हरकत नाही, सहा-आठ आठवडे द्या, गुण नाही आला तर पैसे घालवत बसू नका. सुया एकदाच वापरायच्या, पाकीट तुमच्यासमोर फोडायला सांगा. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारा.

सुयांनी नाही भागलं तर गोळ्या आहेत, व्हेनलाफॅक्सिन, ऑक्सिब्युटिनिन वगैरे, पण बीपी, लघवीचा त्रास, काचबिंदू बघूनच देतात, फार्मसीतून परस्पर आणू नका. आणि वाफांना कंटाळून इंजेक्शन मात्र चुकवायचं नाही, ते तुमच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अजिबात नाही.

घरात बघा, रात्री तिखट हुमण आणि वर फेणीचा पेग असेल तर वाफा हमखास. (पेगाचं तुम्ही लिहिलं नाहीत, मीच विचारतोय.) बनियन सुती, पंखा पायाकडून. कॅलेंडरवर रोज किती वेळा वाफ आली ते आजपासून मांडा, सुया सुरू करायच्या आधीचे दोन आठवडे हवेत, नाहीतर नंतर फरक मोजणार कशाशी?