एका दिवसात मिव्हात्न आणि देट्टीफॉस

प्रश्न : जूनअखेर उत्तर आइसलँडला जातोय. मुक्काम अकुरेरीत, गाडी भाड्याची. मिव्हात्न सरोवर आणि देट्टीफॉस धबधबा एका दिवसात होतील का? – एक वाचक, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : होतील, तेव्हा तिकडे रात्रीही उजेड असतो. अकुरेरीबाहेरच ७.४ किलोमीटरचा बोगदा लागतो. टोलनाका नाही, पैसे ऑनलाइन भरा. राहिले तर गाडीवाले जादा आकार लावून वसूल करतात. गोदाफॉस धबधबा वाटेतच आहे. मिव्हात्नला चिलटं नाकातोंडात जातात, तेव्हा चेहऱ्यावरची जाळी हवीच.

सगळ्यात जास्त वेळ ठेवा मिव्हात्नजवळच्या ख्वेरिर या उकळत्या चिखलाच्या भागाला. राखाडी चिखल रटरटत असतो, गंधकाचा वास कपड्यांत बसतो. दोरीपलीकडे, विशेषतः फिकट मातीवर, पाय नको: वाफेनं पोखरलेला पापुद्रा खचतो आणि खाली उकळता चिखल. शेजारच्या क्राफ्ला ज्वालामुखीचे उद्रेक १९७५ ते ८४ चालले. मिव्हात्नजवळच्या आंघोळीसाठीच्या गरम कुंडांत उतरताना चांदीची पैंजणं काढून ठेवा, गंधकानं काळी पडतात.

देट्टीफॉससाठी पश्चिमेचा ८६२ क्रमांकाचा डांबरी रस्ता घ्या. पूर्वेचा ८६४ खडीचा आहे, काचेला दगड लागतात. आणि गाडीचं दार दोन्ही हातांनी धरूनच उघडा. वाऱ्यानं उलटं फिरलेल्या दाराचा खर्च साध्या विम्यात बहुधा बसत नाही.