मुलाला ‘डोंगरी’च्या बालसुधारगृहात पाठवतील का?

प्रश्न : माझ्या १६ वर्षांच्या भाच्याने कुर्ल्यात एका दुकानदाराचा मोबाइल उचलला. आता तुरुंगच का? दुकानदाराची माफी मागून, भरपाई देऊन भागेल का? (कुर्ला)

उत्तर : तुरुंग नाहीच, कोठडीही नाही. २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे नेतात. जामीन हा नियम. साधी चोरी धरली, तर कमाल ३ वर्षांची शिक्षा, म्हणून हा किरकोळ गुन्हा. चौकशी ४ महिन्यांत संपायला हवी. मंडळ समज देऊ शकते किंवा समुपदेशन, समाजसेवा, दंड यांचा आदेश देऊ शकते.

परिवीक्षा अधिकारी (मुलाच्या परिस्थितीचा अहवाल मंडळाला देणारे) घरी येतील तेव्हा शाळेची हजेरी, मित्रमंडळी, घरातली भांडणं, काही लपवू नका. त्यांच्या अहवालावर बरंच ठरतं.

माफीचं म्हणाल, तर परस्पर दुकानात जाऊ नका; तो दबाव वाटतो. अधिकाऱ्यांमार्फत विचारा. दुकानदार तयार असेल, तर आधी दोघांशी वेगवेगळं बोलणं व्हावं. समोरासमोर आल्यावर आधी दुकानदाराने बोलावं: मोबाइलमधले उधारीचे हिशेब गेले, दोन दिवस धंदा बसला. भाच्याने ते ऐकून घ्यावं. पाठ केलेलं ‘सॉरी’ लगेच उघडं पडतं. भरपाई मामाने एकरकमी भरली, की मुलगा ‘सुटलो’ असंच समजतो; काही वाटा त्याच्या खाऊच्या पैशांतून जाऊ द्या.