नांगर कुणाचा? संस्कृताचा, तमिळचा की तिसऱ्याच कुणाचा?

एका परिचितांचा प्रश्न आला आहे. 'नांगर' हा शब्द संस्कृत की द्राविडी? शेतातला नांगर आणि जहाजाचा नांगर एकच का? शिवाय शेवटी एक शेपूट जोडलं आहे: 'आता डीएनएमुळे आर्य कोण ते ठरलंच आहे, मग या व्युत्पत्त्या कशाला उकरायच्या?'

जहाजाचा नांगर आधी उरकतो. तो फारसी 'लंगर'वरून आला. मराठी जिभेला शेतातला नांगर ओळखीचा होता, तिने लंगरालाही नांगर केलं. संपलं.

आता शेपूट, कारण डोकं तिथे तापलं. 'आर्यांचा डीएनए', 'द्राविडी जनुक', 'मराठीच्या रक्तातच तमिळ आहे' ही भाषा हल्ली चांगल्या शिकल्यासवरलेल्यांच्या तोंडीही ऐकू येते. आर्य (म्हणजे इंडो-आर्य), द्राविडी, मुंडा ही भाषाकुळांची नावं आहेत. जनुकाला विभक्तिप्रत्यय लागत नाहीत. वेदांचे जर्मन अभ्यासक मॅक्स म्युलर यांनी १८८८ सालीच बजावलं होतं की आर्य रक्त, आर्य डोळे असं बोलणारा मानववंशशास्त्रज्ञ आणि लांबट कवटीचा शब्दकोश मागणारा भाषाशास्त्रज्ञ हे सारखेच पापी. (आधी हा गोंधळ वाढवण्यात म्युलरसाहेबांचा स्वतःचा हातभार मोठा होता, ते सोडा.) उदाहरण हवं तर मुंडा भाषा बोलणारे समाज घ्या. आपल्या मेळघाटातली कोरकू ही मुंडा भाषाच. या समाजांत बापाकडून येणाऱ्या वाय गुणसूत्राची एक शाखा ठळकपणे आग्नेय आशियाची सापडते, तर आईकडून येणारा वारसा बहुतेक सगळा इथला. मग त्यांचा 'मुंडा डीएनए' कुठला म्हणायचा, बापाकडचा की आईकडचा?

२०१९च्या सप्टेंबरात दोन शोधनिबंध पाठोपाठ आले. हरियाणातल्या राखीगढीत साठावर नमुने तपासल्यावर एकाच बाईचा जनुकसंच हाती लागला. डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे यांनी केलेल्या उत्खननातली ही बाई हडप्पाकाळातली. तिच्यात स्टेपच्या, म्हणजे युरेशियातल्या गवताळ प्रदेशातल्या, पशुपालकांचा अंश नव्हता. दुसऱ्या निबंधात ५२३ प्राचीन माणसांचे जनुकसंच होते आणि निष्कर्ष असा की स्टेपचा अंश दक्षिण आशियात इसवी सनापूर्वी २००० ते १५००च्या दरम्यान आला. बाई त्याच्या आधीची, तेव्हा दोन्ही निबंध एकमेकांना धरून आहेत. पण काही वर्तमानपत्रांनी पहिल्यावरून 'आर्य बाहेरून आलेच नाहीत' असा मथळा दिला आणि काहींनी दुसऱ्यावरून 'आलेच' असा. निबंध वाचायची तसदी मथळा लिहिणाऱ्याने घ्यावी अशी अपेक्षाच नसते म्हणा.

या तारखांपुढे नांगर ठेवून बघा. राजस्थानात कालीबंगनला बी. बी. लाल आणि बी. के. थापर यांच्या उत्खननात नांगरलेलं शेतच सापडलं. इसवी सनापूर्वी सुमारे २८००चं, म्हणजे हडप्पाच्या ऐन भराच्याही आधीचं. तास, म्हणजे नांगराने पडलेल्या रेघा, आडवे-उभे, एका दिशेने सुमारे ३० सेंटिमीटरवर, दुसऱ्या दिशेने १९० सेंटिमीटरवर. त्याच भागात खोदकामाच्या वेळीही शेतकरी याच पद्धतीने जवळच्या तासांत कुळीथ आणि लांबच्या तासांत मोहरी पेरत होते. हरियाणात बनावलीला नांगराची मातीची प्रतिकृतीही मिळाली. म्हणजे स्टेपचे लोक यायच्या निदान आठ शतकं आधी इथे नांगर चालत होता. तो चालवणारे त्याला काहीतरी म्हणत असणारच.

काय म्हणत होते? इथे मला मजा येते. इंडो-युरोपीय भाषांत नांगरण्याचा एक जुना धातू आहे, 'अर्'. लॅटिन 'अरारे', लिथुएनियन 'आर्ति', गॉथिक 'अर्यान', सगळ्यांचा अर्थ नांगरणे. म्युलरने याच्यावरून 'आर्य' म्हणजे 'नांगरणारा' अशी व्युत्पत्ती लावली होती! गंमत अशी की युरोपभर पसरलेला हा धातू नांगरणीच्या अर्थाने नेमका संस्कृतातच नाही. संस्कृत 'कृष्' वापरतं, आणि अवजाराला म्हणतं 'लाङ्गल'. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलातल्या ५७व्या सूक्तात आहे: 'शुनं वाहाः शुनं नरः शुनं कृषतु लाङ्गलम्'. बैल, माणसं, नांगर, सगळ्यांचं काम सुखात चालो. आता त्याच नांगराच्या पुढचं 'जू' बघा. संस्कृत 'युग', लॅटिन 'युगुम', तुर्कस्तानातल्या प्राचीन हित्ती भाषेत 'युकन', इंग्रजी 'योक'. 'अक्ष' आणि 'चक्र' यांनाही तिकडे असेच सख्खे भाऊ आहेत. गाडीचे शब्द इंडो-आर्य बोलणाऱ्या गाडीवाल्यांनी बरोबर आणले, नांगराचा शब्द इथे आल्यावर उचलला. आपला शेतकरी बैलाच्या मानेवर जू ठेवून नांगर धरतो तेव्हा एका जोडणीत दोन वेगळ्या घराण्यांचे शब्द ओढले जातात. मराठीत याहून सुंदर व्युत्पत्ती मला माहीत नाही.

लाङ्गलचा नांगर कसा झाला, याला फार डोकं लागत नाही. पालीत 'नंगल' आहेच. दोन ल जवळ आले की पहिला न होतो. 'ललाट'चं प्राकृतात 'णिडाल' आणि मराठीत 'निढळ' झालं ते याच वाटेने. निढळाचा घाम गाळून नांगर धरणाऱ्याच्या दोन्ही शब्दांत ध्वनिनियम एकच.

पण 'लाङ्गल' आला कुठून? जुने संस्कृतवाले गत्यर्थक 'लङ्ग्' धातू पुढे करतात. जो जातो तो नांगर. मग एसटीही नांगरच. दुसरीकडे द्राविडी पक्ष. तमिळ 'नाञ्जिल', कन्नड 'नेगिलु'. विश्वनाथ खैरे यांचं 'द्रविड महाराष्ट्र' वाचल्यापासून अनेकांना प्रत्येक मराठी शब्दामागे तमिळ ऐकू येऊ लागलं आहे. खैरे यांनी मराठी माणसाला दक्षिणेकडे बघायला लावलं हे त्यांचं ऋण मोठंच. पण कानाला सारखं लागणं हा पुरावा नव्हे. शब्दाच्या सुरुवातीचा ल मूळ द्राविडीला चालत नाही, म्हणून तिथे ल चा न होणं सहज आहे. उलटा प्रवास मात्र जमत नाही. संस्कृताने 'नाञ्जिल'सारखा शब्द घेतला असता तर न चा ल कशासाठी केला असता? संस्कृताला न चं काय वावडं? बरं, कन्नड ग आणि तमिळ ज ही जोडीही बोलकी आहे. कन्नडात कान म्हणजे 'किवि', तमिळमध्ये 'चेवि'. इ-ए पुढे आले की तमिळचा क मऊ होऊन च होतो, तसाच ग चा ज. हा बदल होण्याआधीच नांगर द्राविडीत शिरला होता, म्हणजे तिथेही तो जुना पाहुणा आहे. पण पाहुणाच.

तिसरा पक्ष फ्रेंच अभ्यासक झां प्शिलुस्कीपासूनचा. त्याने ख्मेर, मलय, संताळी रूपं दाखवून शब्द ऑस्ट्रो-आशियाई ठरवला, म्हणजे मुंडा, ख्मेर, खासी ज्यात येतात त्या कुळाचा. मेघालयातल्या खासीत आजही नांगर म्हणजे 'लिंगकोर'. कॉयपर आणि पुढे मायकेल विट्झेल या संस्कृतच्या अभ्यासकांनी तर वेदकाळच्या पंजाबातच मुंडासदृश भाषा बसवली. विट्झेल यांच्या व्यासंगापुढे मी काय बोलावं, पण इथे त्यांनी नकाशा फार ताणला. मुंडा समाजांचे आग्नेय आशियाई पूर्वज भारताच्या पूर्व बाजूने, साधारण चार हजार वर्षांपूर्वी किंवा त्यानंतर आले असं दिसतं. राखीगढीच्या बाईत त्यांचा मागमूस नाही. जनुकांवरून भाषा ठरत नाही असं मीच वर म्हटलं, तेव्हा हा निकाल नव्हे. पण या मताची वाट त्यामुळे नक्की अडते. कंबोडियात राजाच्या नांगरणीच्या सोहळ्याच्या नावात येणारा 'नंगल' तर बौद्ध भिक्खूंच्या पालीतून गेलेला दिसतो. सगळीच आग्नेय रूपं तिथली मूळची धरता येत नाहीत.

माझं मत चौथं. १९७९ साली भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मॅसिका यांनी हिंदीतले शेतीचे शब्द चाळले. त्यातल्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याला ना संस्कृत मूळ सापडलं, ना द्राविडी, ना मुंडा. त्या हरवलेल्या भाषेला त्यांनी 'क्ष भाषा' म्हटलं. नांगर तिचाच. संस्कृताने तो ल ने घेतला, द्राविडीने न ने, मुंडाने आपल्या परीने. तीन घरांत एकच वस्तू आणि तिन्ही घरांत तिची मोडणी वेगळी, तेव्हा ती चौथ्याकडून आली असणार. बाकी ख्मेर 'अंगाल' आणि ते खासी 'लिंगकोर' मला अजून टोचतात, हे मान्य. हडप्पाची लिपी वाचता येत नाही तोवर ही क्ष भाषा सिंधूकाठची होती असं शपथेवर सांगता येणार नाही. आपल्या इनामगावात घोड नदीकाठी साडेतीन हजार वर्षांपूर्वी सातू पिकवणारे लोक कोणती भाषा बोलत, तेही त्यांच्या मडक्यांवरून कळत नाही. पण कालीबंगनचे तास खोटे नाहीत.

आणि वर सांगितलेल्या सूक्ताच्या आठव्या ऋचेत नांगऱ्याला काय म्हटलं आहे? 'कीनाश'. या शब्दालाही इंडो-युरोपीय घर नाही. अवजार आणि ते चालवणारा, दोन्ही शब्द परके, एकाच सूक्तात! पुढच्या संस्कृतात कीनाश म्हणजे कंजूस, आणि यमसुद्धा. नांगऱ्याचा यम कसा झाला याचंही माझ्याकडे एक उत्तर आहे, पण ते कुणी विचारलेलं नाही.