आधी दुसरी सही दाखवा, मग परताव्याचे बोलू

फोंड्याचे एक वाचक लिहितात की ते खासगी कंपनीत नोकरीला आहेत आणि त्यांच्या नावावरील दोन गाळ्यांचे मिळून महिन्याला 60,000 रुपये भाडे येते. त्यांचा विवाह 2009 साली झाला. 2018-19 ते 2025-26 या आठ कर-निर्धारण वर्षांत (उत्पन्न मिळाले त्याच्या पुढचे, कर ठरण्याचे वर्ष) हे सारे भाडे त्यांच्या एकट्याच्या विवरणपत्रात दाखवले गेले. यंदा हिशेबाचे काम नव्या लेखापालाकडे दिल्यावर त्याने निम्मे भाडे पत्नीच्या विवरणपत्रात जायला हवे होते असे सांगितले. जास्तीचा कर परत मिळेल का आणि जुन्या हिशेबनिसावर कारवाई करता येईल का, असे त्यांनी विचारले आहे. थोड्याफार फरकाने हेच विचारणारी पत्रे गोव्यातून मला वारंवार येतात.

आयकर कायदा, 1961 मधील कलम 5अ मी येथे समजावून सांगत बसत नाही. पगार वगळता पती-पत्नीचे उत्पन्न दोघांत निम्मे-निम्मे विभागायचे, हे नव्या लेखापालाने तुम्हाला बरोबरच सांगितले आहे. हे कलम ऐच्छिक नाही आणि 1 एप्रिल 2026 पासून अमलात आलेल्या नव्या आयकर कायद्यातही ही तरतूद कायम आहे. परंतु हे कलम गोव्यात राहणाऱ्या प्रत्येक जोडप्याला लागू होत नाही. गोव्यात चालत आलेल्या पोर्तुगीज नागरी संहितेनुसार ज्यांच्यात सामाईक मालमत्तेची पद्धत, म्हणजे मालमत्ता पती-पत्नी दोघांची मिळून मानण्याची पद्धत, अस्तित्वात आहे, त्यांनाच ते लागू होते, आणि तुमचे सारे प्रकरण नेमके येथेच अडते.

तुम्ही लिहिता, "लग्नाआधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जाऊन सही केली होती." एकच सही? गोव्यात पहिली सही म्हणजे विवाह करण्याच्या इराद्याची घोषणा असते. त्यानंतर हरकतींसाठी ठेवलेली मुदत संपल्यावर वधू-वरांनी साक्षीदारांसह पुन्हा जाऊन दुसरी सही करायची असते, आणि विवाह नोंदला जातो तो त्या दुसऱ्या सहीने. पहिली सही करून देवळात लग्न लावले आणि संसाराच्या धावपळीत दुसरी सही राहून गेली, अशी सुशिक्षित जोडपी मी इतकी पाहिली आहेत की हा निष्काळजीपणा आता मला सहन होत नाही. सतरा वर्षांत ज्या कागदाची तुम्ही एकदाही प्रत काढली नाही, त्यावर आज लाखोंचा परतावा अवलंबून आहे.

म्हणून विवाहनोंदीची प्रमाणित प्रत आधी मिळवा. त्यात दुसरी सही असेल आणि विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल, तर विवाहाच्या दिवसापासून सामाईक पद्धत लागू आहे आणि पुढचा मजकूर तुमच्यासाठी आहे. दुसरी सही नसेल, तर कलम 5अ चा आधार माझ्या मते सुटतो, भाडे मालक म्हणून तुमचेच राहते आणि जुन्या हिशेबनिसाने भरलेली विवरणपत्रे योगायोगाने का होईना बरोबर ठरतात. आता धावत जाऊन नोंद पूर्ण केली तर मागच्या वर्षांनाही ती लागू होईल, असे कृपया गृहीत धरू नका.

नोंद पूर्ण आहे असे धरून हिशेब पाहू. वर्षाचे भाडे 7,20,000 रुपये. भाड्यावर कायद्याने मिळणाऱ्या 30 टक्के प्रमाणित वजावटीनंतर 5,04,000, आणि त्याचे निम्मे 2,52,000. पगारामुळे तुम्ही 30 टक्क्यांच्या टप्प्यात असाल, तर उपकरासह वर्षाला सुमारे 78,600 रुपये जास्त गेले. पत्नीला दुसरे उत्पन्न नसेल, तर तिच्या वाट्यावर कमी उत्पन्नासाठीच्या करसवलतीमुळे कर शून्यावर येण्याची शक्यता आहे.

आता हा कर परत कसा मागायचा ते पाहू. चूक दुरुस्त करणाऱ्या सुधारित विवरणपत्राची मुदत त्या-त्या कर-निर्धारण वर्षातच संपते. अद्ययावत विवरणपत्र नंतरही भरता येते, पण कर कमी करण्यासाठी किंवा परतावा मागण्यासाठी ते चालत नाही. उरतो एकच मार्ग, उशीर माफ करून परताव्याचा दावा ऐकावा असा आयकर खात्याकडे विलंब माफीचा अर्ज, आणि केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या 1 ऑक्टोबर 2024 च्या परिपत्रकाने त्याची मुदत कर-निर्धारण वर्ष संपल्यापासून पाच वर्षे अशी ठरवली आहे. तुमची 2018-19, 2019-20 आणि 2020-21 ही वर्षे त्यामुळे गेली. त्यांतल्या शेवटच्या वर्षाची मुदत 31 मार्च 2026 ला संपली. भाडे तेव्हाही एवढेच असेल, तर तुमचे सव्वादोन लाखांहून अधिक रुपये बुडाले. 2021-22 साठी 31 मार्च 2027 हा शेवटचा दिवस आहे. अर्ज शक्यतो सहा महिन्यांत निकाली काढावा असे परिपत्रक म्हणते, पण तो मंजूर होईलच असे मी सांगू शकत नाही; खरी अडचण होती हे तुम्हाला पटवून द्यावे लागेल आणि परतावा मिळालाच तरी त्यावर व्याज मिळणार नाही. पत्नीचा वाटा कोणत्या मार्गाने दाखवायचा, हे लेखापालाकडून आधी ठरवून घ्या आणि दोघांचे कागद एकदमच द्या.

आता हिशेबनिसाबद्दल. ते सनदी लेखापाल संस्थेचे सदस्य आहेत का, हे तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, आणि बहुधा कधी विचारलेही नसावे. सदस्य असतील तर संस्थेकडे तक्रार करता येते, मात्र चूक आणि व्यावसायिक गैरवर्तन यांत अंतर आहे. सदस्य नसतील तर संस्थेची शिस्त त्यांना लागूच नाही. ग्राहक आयोगाकडे जायचे तर कारण घडल्यापासून दोन वर्षांची मर्यादा आहे, आणि ती कोणत्या दिवसापासून मोजायची यावर वाद होईल. शिवाय पोर्तुगीज नागरी संहिता तुम्हाला लागू आहे का, असा थेट प्रश्न आयटीआर-2 या विवरणपत्राच्या नमुन्यात असतो. त्यावर आठ वर्षे "नाही" असे उत्तर गेले आणि प्रत्येक वर्षी विवरणपत्राच्या पडताळणीचा ओटीपी तुमच्याच मोबाइलवर येऊन तुम्ही तो दिला. समोरचा वकील हे पहिल्याच तारखेला दाखवील. म्हणून तक्रारीचा मसुदा आज करू नका. विवाहनोंदीची प्रत हाती आल्यावर तक्रारीला जागा आहे की नाही हे ठरवता येईल.