वाचकांचे प्रश्न : तुरुंगातले मैदान

प्रश्न : मी श्रीरामपूर तालुक्यात राहतो. वय ३१. महाविद्यालयात असताना विद्यापीठाच्या संघातून व्हॉलीबॉल खेळलो. आमच्या मंडळीचा (चर्चचा) तरुण संघ दर नाताळात तुरुंगात गीते गायला आणि फराळ वाटायला जातो. गेल्या नाताळात मीही गेलो होतो. वर्षातून एकदा केक देऊन येण्याऐवजी दर आठवड्याला त्यांच्याबरोबर खेळता आले तर किती बरे, असे तेव्हापासून मनात घोळते आहे. पाळकसाहेबांना कल्पना आवडली. मात्र वडील माणसांनी दोन शंका काढल्या. सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश, सांगायची नसेल तर नुसत्या खेळाला सेवा कसे म्हणायचे? आणि कारागृहाने रविवारची वेळ दिली, तर प्रभूच्या दिवशी खेळायचे का? शिवाय सुरुवात कुठून करावी, हेही कळत नाही.

उत्तर : सप्रेम सलाम. वर्षातून एकदा जाणे पुरेसे नाही, हे तुम्हाला पहिल्याच भेटीत जाणवले याचा मला फार आनंद झाला. तुरुंगात खेळायला जाणाऱ्या आमच्या संघाला ते कळायला तीन नाताळ जावे लागले.

वडील माणसांची पहिली शंका खरी आहे आणि तिला टाळून पुढे जाता येणार नाही. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पंचविसावा अध्याय त्यांच्याबरोबर बसून पुन्हा वाचा. प्रभू ज्यांना आपल्या उजवीकडे घेतो, त्यांनी तुरुंगात जाऊन काय सांगितले याचा तिथे उल्लेखही नाही. ते भेटायला आले, एवढेच तो म्हणतो. खेळ हे आमिष आणि प्रवचन हा गळ, असे ज्या दिवशी आपण मनात ठरवतो त्या दिवशी बंद्यांना ते आपल्याआधी उमगते, कारण त्यांच्याकडे येणारा जवळपास प्रत्येक माणूस त्यांच्याकडून काही तरी वदवून घ्यायलाच आलेला असतो. अशा माणसांमध्ये जाऊन पंचवीस गुणांचा एक सेट प्रामाणिकपणे खेळणे, चेंडू आपल्या हाताला लागून बाहेर गेला असेल तर कोणी न विचारता हात वर करून कबूल करणे, आणि पुढच्या आठवड्यात ठरल्या वेळी पुन्हा येणे, ही माझ्या मते पूर्ण सेवा आहे.

अमेरिकेत ही सेवा वेगळ्या रीतीने वाढली. क्लीव्हलँड ब्राउन्स संघाचे माजी अमेरिकन फुटबॉलपटू बिल ग्लास यांनी १९७२ मध्ये ओहायो राज्यातल्या मॅरियन येथील तुरुंगातून सुरुवात केली. नामांकित खेळाडूंनी आत जायचे, बंद्यांसमोर आपला खेळ दाखवायचा आणि मग आपल्या विश्वासाची साक्ष द्यायची, अशी त्यांची पद्धत होती. त्या कामाविषयी मला आदर आहे, परंतु आपल्याकडे ती पद्धत जशीच्या तशी आणू नये. आपल्या संविधानाचा २५ वा अनुच्छेद धर्माच्या प्रसाराचे स्वातंत्र्य देतो, पण त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच स्पष्ट केले आहे. त्यातून तुरुंगातला माणूस उठून निघून जाऊ शकत नाही. म्हणून त्याच्यासमोर बोलताना आपली जबाबदारी दुप्पट होते. नेल्सन मंडेलांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नियमावलीतही हे दोन्ही धागे आहेत. बाहेर काम नसलेल्या बंद्याला दररोज किमान एक तास मोकळ्या हवेत व्यायाम मिळावा, असे तिचा २३ वा नियम सांगतो. आणि धर्मगुरूची भेट नाकारू नये, पण बंद्याला ती नको असेल तर त्याच्या इच्छेचा पूर्ण मान राखावा, असे ६५ वा.

आमच्या संघाची रीत सांगतो. खेळ सुरू करताना आम्ही मैदानावर प्रार्थना करत नाही. ती दाराबाहेर, आमची आम्ही करून आत जातो. आमच्या बरोबर खेळणाऱ्यांत सगळ्या धर्मांची माणसे असतात. सामन्यानंतर, अधीक्षकांनी तशी वेगळी परवानगी दिलेली असेल तर, ज्यांना प्रार्थनेला थांबायचे ते थांबतात आणि ज्यांना थांबायचे नाही ते चेंडू घेऊन खेळत राहतात. कोणी आपणहून विचारले की तुम्ही का येता, तर आम्ही खरे उत्तर देतो. हा प्रश्न बहुतेक वेळा चौथ्या-पाचव्या महिन्यात येतो.

रविवारच्या शंकेवर मी स्कॉटिश धावपटू एरिक लिडेल यांचे उदाहरण देईन, कारण रविवार पाळण्याबाबत त्यांच्याहून काटेकोर खेळाडू सापडणे कठीण. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून त्यांनी ती शर्यत सोडली आणि पुढे चारशे मीटरमध्ये सुवर्णपदक मिळवले. नंतर ते चीनमध्ये मिशनरी झाले, १९४३ मध्ये जपानी सैन्याने त्यांना वेइशिएन येथील छावणीत बंदिवान केले आणि फेब्रुवारी १९४५ मध्ये तिथेच त्यांचा अंत झाला. छावणीतल्या मुलांचे खेळ तेच घेत असत. रविवारी मात्र ते खेळापासून दूर राहत. पण देखरेख नसल्याने मुले आपसांत मारामाऱ्या करू लागली, तेव्हा तेच लिडेल रविवारी पंच म्हणून मैदानात उतरले. हा प्रसंग वडील माणसांना सांगा आणि निर्णय त्यांच्यावर सोडा. त्यांचे मन तरीही मानत नसेल, तर शनिवारची वेळ मागून पाहा.

आता सुरुवातीविषयी. एकट्याने अर्ज करू नका. नोंदणीकृत संस्थेच्या किंवा मंडळीच्या नावाने कारागृह अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्या आणि त्यात प्रत्येक स्वयंसेवकाचे ओळखपत्र जोडा. आमच्या वेळी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी झाली, वरिष्ठ कार्यालयाची मंजुरी लागली आणि या सगळ्याला सात महिने गेले. तेवढा धीर धरा. कॅथलिक बांधवांची १९८१ मध्ये केरळात सुरू झालेली ‘प्रिझन मिनिस्ट्री इंडिया’ किंवा तुमच्या भागात आधीपासून आत जाणारी दुसरी एखादी संस्था असेल, तर पहिले वर्ष तिच्या हाताखाली काढावे.

खेळ तुम्ही योग्य निवडला आहे. व्हॉलीबॉलला जागा कमी लागते, अंगाला अंग भिडत नाही आणि एका चेंडूत बारा जण खेळतात. आपल्या लोकांना एक गोष्ट क्वचितच ठाऊक असते, म्हणून सांगतो : हा खेळ १८९५ मध्ये अमेरिकेतल्या होलिओक गावी वायएमसीए या ख्रिस्ती संस्थेच्या व्यायामशाळेतच जन्माला आला.

लाल गेटवर, म्हणजे तुरुंगाच्या मुख्य दारावर, तुमची झडती होईल, मोबाइल आणि पाकीट बाहेर राहील, चेंडू दाबून पाहिला जाईल, जाळ्याची दोरी मोजून आत जाईल आणि मोजूनच बाहेर येईल. हवा भरण्याची सुई आत विसरलात, तर तुमच्यासाठी दार कायमचे बंद होऊ शकते. आम्ही पहिल्या दिवशी शिट्टी घेऊन गेलो होतो. ती गेटवरच ठेवावी लागली, कारण आत शिट्टी वाजली की पहारेकऱ्यांच्या दृष्टीने तो धोक्याचा इशारा असतो. तेव्हापासून आमचा पंच तोंडाने गुण मोजतो. स्वयंसेवक विरुद्ध बंदी असा सामना कधीही लावू नका; दोन्ही संघांत सरमिसळ करा. मात्र कोणत्या बराकीतल्या कोणाला एकत्र आणायचे, हे तुरुंगाधिकाऱ्यांनाच ठरवू द्या. त्यामागची वैरे आपल्याला माहीत नसतात.

गुन्हा विचारू नका. चिठ्ठी, निरोप, गोळी, तंबाखू, काहीही आत नेऊ नका आणि बाहेर आणू नका, समोरचा कितीही गयावया करो. वकील हवा असे कोणी म्हणाला, तर कोठडीतल्या प्रत्येकाला १९८७ च्या कायद्यानुसार मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे, हे त्याला सांगा आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करायला सुचवा. ही माहिती फार उपयोगी पडते. २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत असलेल्या ५ लाख ७३ हजार माणसांपैकी सुमारे ७६ टक्के न्यायाधीन, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेलाच नाही असे, होते. शिक्षा झालेल्याला निदान कामाचा दिनक्रम असतो; या लोकांचा दिवस तारखेची वाट पाहण्यात जातो.

असाच एक न्यायाधीन तरुण आमच्याकडे लिफ्टर (फटका मारणाऱ्यासाठी चेंडू उचलून देणारा) म्हणून खेळत असे. गुणपत्रिकेवर मी त्याचे नुसते पहिले नाव लिहिले, तर त्याने पेन मागून घेतले आणि वडिलांचे नाव व आडनाव सावकाश, वळणदार अक्षरात पुरे केले. पाच वर्षांत त्याचे पूर्ण नाव पोलिसांच्या आणि न्यायालयाच्या कागदांशिवाय कुठे लिहिले गेले नव्हते. ती गुणपत्रिका बाहेर आणता येत नव्हती, म्हणून अधिकाऱ्यांनी ती बराकीच्या भिंतीवर लावू दिली.

प्रश्न : मी निवृत्त क्रीडाशिक्षिका, पुणे. महिला कारागृहातही असे काम करता येईल का? माझे वय ६० आहे आणि गुडघे दुखतात.

उत्तर : ताई, तिथे तुमची गरज अधिक आहे, कारण या कामाला पुरुष स्वयंसेवक पुष्कळ मिळतात आणि स्त्रिया फार थोड्या. चेंडूने सुरुवात करू नका. कित्येक जणी लग्नानंतर कधी खेळलेल्याच नसतात आणि चारचौघींत पळायला त्या संकोचतात. माझ्या पत्नीने फुगडीने सुरुवात केली. मग लंगडी आली, लगोरी आली आणि थ्रोबॉल दुसऱ्या वर्षी. सहा वर्षांपर्यंतची मुले आईबरोबर आत राहू शकतात, तेव्हा त्यांच्यासाठीही काही खेळ मनाशी ठरवून जा. गुडघ्यांची काळजी नको. कॅरम शिकवायला खुर्ची पुरते, आणि बुद्धिबळालाही. तुमच्याच गावातल्या येरवडा मध्यवर्ती कारागृहाच्या संघाने २०२३ मध्ये बंद्यांच्या आंतरखंडीय ऑनलाइन बुद्धिबळ स्पर्धेत सुवर्णपदक पटकावले आहे. अधीक्षकांना लिहिताना त्याचा उल्लेख अवश्य करा.

प्रश्न : तुरुंगात आमच्याबरोबर दोन वर्षे खेळलेला एक जण जामिनावर सुटला आणि पत्ता शोधत माझ्या घरी आला. त्याला काम हवे आहे. घरचे घाबरले आहेत. काय करावे?

उत्तर : त्याला परत पाठवू नका, आणि एकट्याने भेटूही नका. मंडळीच्या कार्यालयात, पाळक आणि आणखी एक स्वयंसेवक यांच्यासमोर त्याच्याशी बोला. उसने पैसे देऊ नका. जामिनाच्या अटी काय आहेत आणि पुढची तारीख कधी आहे, ते आधी विचारा, कारण एक तारीख चुकली तरी अटक वॉरंट निघू शकते आणि मिळालेले कामही जाते. कामासाठी शब्द टाकाल तेव्हा मालकापासून काही लपवू नका. घरच्यांची भीती रास्त आहे. घरी येऊ नकोस, मी तुला मंडळीत भेटेन, हे त्याला स्पष्ट पण प्रेमाने सांगा. तुमच्या आवारात संध्याकाळी तरुण संघ खेळत असेल, तर त्याला कोणत्या वारी आणि किती वाजता यायचे, ते त्याच भेटीत सांगून ठेवा.