गाठ हाताला लागते, मग "काही नाही" कसं?

"डॉक्टर म्हणाले काळजीचं काही नाही, महिन्याने दाखवा. पण गाठ तर लागतेय!" प्रश्न नेहमीचाच. विचारणारा पंचविशीतला, दहा दिवसांपूर्वी घसा धरलेला, उजव्या जबड्याखाली वाटाण्याएवढी गाठ. बोलतानाही हात तिथेच. कातडी लाल झालेली, नखाचा ओरखडासुद्धा.

"दिवसातून किती वेळा बघता?"

"तीस-चाळीस वेळा असेल."

मेख इथेच आहे. चिमटीत धरून सारखं दाबलं की आजूबाजूचा भाग दुखरा होतो. दुखलं की गाठ वाढल्यासारखी वाटते, आणि हात पुन्हा तिकडे. त्याला डावीकडेही "दुसरी" सापडली होती. ती निघाली लाळग्रंथी, दोन्ही बाजूंना सारखीच लागणारी. ती अनेकांना फसवते.

डॉक्टर चिमटीत धरत नाहीत. मान तपासायच्या बाजूला किंचित झुकवली की स्नायू सैल पडतो. मग तीन बोटांच्या पेरांचा मऊ भाग टेकवून, कातडीच बोटांखाली हलके गोल फिरवायची. जोर लावला की लहान गाठ निसटते. लसिकाग्रंथी, म्हणजे संसर्गाशी लढताना सुजणारी अशी छोटी गाठ, वर-खाली आणि आडवी, दोन्हीकडे सरकते. स्नायू तसा सरकत नाही. मानेत साधारण 1 सेंटीमीटरपर्यंतची मऊ, सरकणारी ग्रंथी निरोगी माणसालाही लागू शकते. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं ना, तसंच घसा, दात, हिरड्या बिघडल्या की जबड्याखाली. घसा बरा झाला तरी ती ओसरायला काही आठवडे घेते.

"बघूच नका" सांगून उपयोग नसतो, चोरून बघणं सुरू होतं. म्हणून ठरलं: फक्त रविवारी, आंघोळीनंतर, अर्धा मिनिट. वहीत एकच शब्द: लहान, तेवढीच की मोठी. मधे हात गेला तर वहीत एक रेघ.

रविवारची वाट न पाहता डॉक्टरांकडे कधी जायचं, तेही पहिल्या पानावर लिहिलं: गाठ वाढत गेली, दगडासारखी कडक किंवा जागेला चिकटलेली वाटली, कॉलरबोनच्या वर कितीही लहान गाठ आली, ताप हटत नसेल, रात्री कपडे भिजतील इतका घाम येत असेल किंवा कारण नसताना वजन उतरत असेल तर.

पहिल्या आठवड्यात एकोणीस रेघा. दुसऱ्यात सहा. गाठ "तेवढीच", लाली मात्र गेलेली. महिन्याची तपासणी अजून व्हायची होती. ती तारीख त्याने वहीत आधीच गोल करून ठेवली होती.